येळवशीची पंगत

नांदेडला जाऊन आले म्हटलं की चिपळुणातली माणसं विचारतात, "गुरुद्वारा बघितलात? गोदावरी बघितलीत?" दोन्ही बघितलं. पण मी सांगायला बसते ते लातूरचं आणि जळकोटजवळच्या एका घराचं. सांगता सांगता मधेच मी चहा टाकायच्या निमित्ताने उठते आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावी.

मी चिपळुणात बरीच वर्षं खाणावळ चालवली. कोकण रेल्वेचं काम जोरात होतं तेव्हा नांदेडचा एक तरुण सरदार आमच्याकडे जेवायला यायचा. गुरदीपसिंग त्याचं नाव, क्रेनवर कामाला होता. पहिल्या आठवड्यातच त्याने माझ्या हातून पाण्याचा जग काढून घेतला आणि सगळ्या टेबलांवर पाणी वाढून आला. मी म्हटलं, "अरे, तू गिऱ्हाईक आहेस." तर म्हणाला, "ताई, नुसतं बसून खायची आदत नाही. घरी मार पडेल." काम संपलं, तो परत गेला, तिकडे त्याने गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. दर दिवाळीला मात्र फोन यायचा. "ताई, नांदेडला कधी येता?" खाणावळ बंद केली तेव्हा माझी सगळी कारणं संपली, आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी नांदेडच्या स्टेशनवर उतरले.

नांदेड

आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक चादर. नांदेडच्या थंडीने माझे गुडघे धरले. गुरदीपसिंग आता पन्नाशी ओलांडलेला, दाढी पांढरी, पोट सुटलेलं, पण माझी पिशवी उचलायची घाई तीच. म्हणाला, "आधी लंगर, मग घर."

गुरुद्वाऱ्याच्या लंगरात शिरताना मी पदर डोक्यावर घेतला आणि लांबच लांब पट्टीवर मांडी घालून बसले. माझ्या एका बाजूला हातात भारी घड्याळ घातलेले एक गृहस्थ होते, दुसऱ्या बाजूला बांगड्यांची टोपली शेजारी ठेवून बसलेली म्हातारी. ताटात डाळ आली, भाजी आली, खीर आली. रोटी घेऊन एक सेवेकरी आला तेव्हा मी सवयीने ताट पुढे केलं. तो तसाच थांबला. गुरदीपसिंग हळूच म्हणाला, "ताई, रोटी ताटात नाही. दोन्ही हात."

मी दोन्ही हात पसरले. खरं सांगते, कान तापले. आयुष्यभर वाढणाऱ्या हातांना घ्यायची सवय नसते. पण आजूबाजूला पाहिलं तर घड्याळवाल्यांचेही हात पसरलेले, म्हातारीचेही, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. ऊन ऊन रोटी तळहातावर पडली तशी माझी लाज गेली. 'परशादा' म्हणतात तिला तिथे.

दुपारी मी हट्टाने रोट्या लाटायला बसले. आमची पोळी पातळ, घडीची. माझ्या शेजारच्या आजींनी ती उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "ये तो आरपार दिखती है, बेटी. भूखे को खिलानी है कि खिडकी को लगानी है?" सगळ्या बायका खदाखदा हसल्या. मी पुढची जाड लाटली.

संध्याकाळी गुरदीपसिंगच्या घरी चहा पिताना त्याने लातूरचा विषय काढला. लातूरला डाळीचे एक व्यापारी होते, शिवलिंग अप्पा. लिंगायत घरातले, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. त्यांची बायको नांदेडच्या एका दवाखान्यात कितीतरी दिवस होती, तेव्हा ते रोज लंगरात जेवायचे. बायको बरी होऊन घरी गेल्यावर अप्पांनी लातूरच्या मोठ्या दवाखान्याबाहेर पेशंटांचे नातेवाईक कोरडे मुरमुरे खाताना पाहिले आणि गुरदीपसिंगला फोन केला. "सरदारजी, माझं गोदाम रिकामं हाय. कसं करायचं ते येऊन दाखवा."

"आता रोज दुपारी पंगत बसते," गुरदीपसिंग म्हणाला. "नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जात तर नाहीच नाही. तुम्ही चार दिवस राहा तिथे. तुमचं तर कामच हे."

लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडीने लातूर गाठलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बऱ्याच तुरी काढून झाल्या होत्या, हरभरा घाट्यांवर आला होता, ज्वारी हुरड्यात होती. माझ्या डोळ्यांना डोंगर आणि माड लागतात. इथे सगळं आभाळच. पहिला दिवस मला उघड्यावर पडल्यासारखं वाटलं, दुसऱ्या दिवसापासून आवडू लागलं.

गोदाम दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंतींना अजून डाळीचा वास. पाटी कुठेच नाही. दारात अप्पा स्वतः उभे होते. सत्तरीचे, उंच, पांढरंशुभ्र धोतर. "या ताई. सरदारजींनी तुमचं लई सांगितलंय. बसा आधी, च्या घ्या."

आत चुलीवर बिल्किसआपा. तिचा नवरा त्याच दवाखान्यात गेला. तो आजारी असताना ती या पंगतीत जेवत असे. तो गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी ती परत आली, कमरेला ओढणी खोचली आणि पिठाच्या डब्याशी बसली, ती आजतागायत. मला म्हणाली, "आवो ताई. भाकरी आती क्या?" मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. आमची भाकरी तांदळाची, उकड काढून केलेली. ज्वारीचं पीठ माझ्या हाताखाली असं फाटत गेलं की परातीत नकाशा झाला.

"अगं बया, सारा मुलूख केला की," कुणीतरी पलीकडून हसलं.

त्या कौसाबाई. पन्नाशीच्या आतबाहेर, सावळ्या, काटक, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांच्या हातावर भाकरी फिरत होती ती चाकासारखी. मला वाटलं बिल्किसआपाची जोडीदारीण असणार. पण त्या जळकोटकडच्या एका गावच्या शेतकरीण होत्या. तुरीची गाडी भरताना नवरा वरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. माणिकराव त्यांचं नाव. डॉक्टरांचं म्हणणं, आता रोज थोडं थोडं चालवायचं, अजून काही दिवस इथेच राहा, नाहीतर पाय आखडेल.

कौसाबाई पहिल्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीशी बसून घरून आणलेला भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खात होत्या. बिल्किसआपाने हाक मारली तर उठेनात. "म्या फुकट खानार न्हाई." मग बिल्किसआपाने त्यांच्यापुढे परात सरकवली. "फुकट कौन बोला? ये आटा कौन मळनार, तेरा बाप?" त्या हसल्या आणि पिठाला हात लावला. तेव्हापासून रोज सकाळी त्या नवऱ्याला उठवून, चालवून, धुवून-पुसून इकडे येत. भाकरी करत. पंगतीत जेवत. नवऱ्यासाठी फडक्यात बांधून नेत.

दोन दिवसांत आमची गट्टी जमली. त्यांना माझ्या कोकणाचं फार नवल. "ताई, तुमच्याकडं ज्वारी पेरतच न्हाईत?"

"नाही. दुकानातून आणतो."

"इकत?" त्यांनी माझ्याकडे अशा कणवेने पाहिलं की मीच गरीब वाटायला लागले.

येळवशीच्या आदल्या दुपारी आम्ही तिघी वाटाणे, हरभऱ्याचे सोलाणे आणि तुरीचे ओले दाणे सोलत बसलो होतो. वेळ अमावस्येला इकडे येळवस म्हणतात. लातुरात त्या दिवशी दुकानं बंद, रस्ते ओस. सगळं गाव शेतात. कडब्याची खोप करून आत पांडवांची पूजा करतात आणि मग भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर. भज्जी म्हणजे आमच्यासारखी तळलेली भजी समजू नका. सगळ्या हिरव्या शेंगा, दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन घालून शिजवलेलं दाट कालवण. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारून बसवतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

"आमच्या शेतात अर्धं गाव असतंय," कौसाबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून एक येळवस चुकली न्हाई माझी. हीच पहिली."

"घरून कुणी येत नाही का इकडे?"

"दीर आले व्हते ऑपरेशनला. रानात कामं हायेत. आन् हितं माझा भाऊ हाय की लातुरात."

"मग त्याच्याकडे जेवायला..."

त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पहिल्या दिशी गेले व्हते. वहिनीनं च्या दिला. जेवायचं काय इचारलं न्हाई. दोन खोल्या हायेत त्यांच्या, लेकरं शिकायलेत. म्या वाईट वाटून घेतलं न्हाई. पर यांना सांगितलंय, डबा दादाच्या घरून येतोय म्हणून. गावाकडं बी तसंच सांगितलंय. सासरी माहेराचं नाव खाली पडू नये, ताई."

बिल्किसआपा दाणे सोलतच म्हणाली, "मेरे भाई का नाम भी मैं ऐसेच संभाली बारा साल."

येळवस

भज्जीचा सगळा भाजीपाला अप्पांच्या ओळखीच्या एका बड्या व्यापाऱ्याने दिला होता. शेटजी म्हणते मी त्यांना, नाव सांगण्यात अर्थ नाही. माणूस वाईट नव्हता. सकाळी स्वतः टेंपोबरोबर आले, हिरव्या पाल्याच्या जुड्या स्वतः उतरवल्या.

भज्जी कौसाबाईंनी केली. बिल्किसआपाने आणि मी फक्त हाताखाली काम केलं. चिंच किती, बेसन केव्हा, आंबील कुठल्या ताकातली, सगळं त्याच सांगत होत्या. मोठ्या पातेल्यात त्यांचा अख्खा दंड फिरत होता. वास असा सुटला की दवाखान्याच्या फाटकातली माणसं नाक वर करून गल्लीत येऊ लागली. त्यांच्या चेहऱ्यावर शेत दिसत होतं. एक म्हातारे शेतकरी तर दारातच उभे राहून म्हणाले, "आरं, येळवस हाय व्हय आज? म्या तर विसरूनच गेलतो पोराच्या दुखण्यात."

तेवढ्यात शेटजींचा पुतण्या फ्लेक्स घेऊन आला. शेटजींचा हात जोडलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत अन्नदान. अप्पा पुढे झाले. "बोर्ड कशाला, शेटजी? हितं कुनाच्या नावाचा बोर्ड लावत न्हाईत आमी."

"अप्पा, सणाचा दिवस हाय. दोन तास लावू, मग काढून टाकू."

अप्पांनी आमच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, दारात जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मग हळूच बाजूला झाले. फ्लेक्स लागला. गुरदीपसिंग त्या दिवशी नांदेडला होता. तो असता तर काय झालं असतं, हा विचार मी आजवर किती वेळा केलाय. पण मी तर होते ना. माझ्या हातात आंबिलीची चरवी होती आणि मी पाहत राहिले.

पुतण्या फोन घेऊन फिरायला लागला. बिल्किसआपाने ओढणी ओढून घेतली आणि चुलीमागे गेली. "मेरेको नक्को." मग त्याला कौसाबाई दिसल्या.

"मावशी, तुमी या. हितं पुढं बसा."

"म्या? कशाला?"

"फोटो काढायचाय."

कौसाबाईंचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, भज्जी आपण केली म्हणून आपला फोटो. त्यांनी हात धुतले. केस कानामागे घेतले, पदर डोक्यावरून सारखा केला, माझ्याकडे वळून विचारलं, "कुकू पुसलं न्हाई ना?" मी म्हटलं, "छान आहे." त्या पट्टीवर जाऊन बसल्या. पुतण्याने त्यांच्या हातात रिकामं ताट दिलं, शेटजी डाव घेऊन वाकले.

"हात जरा पुढं करा, मावशी. आता वर बघा. हसा की थोडं."

त्या हसल्या. इतकं मोकळं, निर्मळ हसू मी त्या चार दिवसांत त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. फोटो निघाल्यावर त्यांनी पुतण्याला विचारलं, "भज्जी म्या केली, ते बी लिवशील का त्यात?"

"लिहितो की," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

पंगत झकास झाली. शेटजीही शेवटी खाली बसून जेवले, दोनदा भज्जी मागून घेतली. कौसाबाईंनी नवऱ्यासाठी डबा भरला. जाताना म्हणाल्या, "आज यांना खरं सांगून टाकते बगा. भज्जी माझ्या हातची हाय हे चवीवरून वळखतीलच ते."

दिवेलागणीला अप्पांनी मला त्यांचा फोन दाखवला. फोटो लातूरभर फिरत होता. पसरलेलं ताट, वर पाहणारा हसरा चेहरा, वाढणारे शेटजी. खाली लिहिलं होतं: 'वेळ अमावस्येनिमित्त गरजू व निराधार महिलेस अन्नदान करताना.'

'निराधार' या शब्दाचा इकडे काय अर्थ होतो ते मला अप्पांनी सांगितलं. निराधार योजनेचा सरकारी पगार मिळतो त्या बाईला निराधार म्हणतात, बहुतेक करून विधवेला. अप्पांनी लगेच शेटजींना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मजकूर पोरानं टाकलाय, अप्पा. काढायला सांगतो. पण एवढं काय त्यात? मदत पोचते हे लोकांना दिसायला नको का?"

पुतण्याने तो काढून टाकला. तोवर फोटो जळकोटच्या पुढे पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई आल्या नाहीत. परात तशीच राहिली. आम्ही दोघी वॉर्डात गेलो तर माणिकरावांची खाट रिकामी, गादीवर नुसतं रबरी कापड. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी सांगितलं. पहाटेच भाऊ आला. "माझं नाव घालवलंस. मी काय मेलो व्हतो व्हय?" म्हणून सगळ्या वॉर्डासमोर ओरडला. मागोमाग गावाकडून जीप घेऊन दीर आला. तो म्हणत होता, "निराधार कोन? नवरा जिता हाय हिचा. लोकं फोन करून इचारायलेत, माणिकराव कधी गेले म्हणून!" डॉक्टरांनी समजावलं, नर्सने समजावलं. कुणी ऐकलं नाही. माणिकरावांना उचलून जीपमध्ये घातलं.

"अन् कौसाबाई?" मी विचारलं.

"तिनं पिशवी काढली. भांडी बांधली आन् गेली."

त्या दिवशीची पंगत झाली, कारण माणसं उपाशी होती. बिल्किसआपाच्या भाकऱ्या करपल्या. अप्पांनी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून तो फोटो पुसायला लावला. माझ्याही फोनवर कुणीतरी पाठवला होता. मीही पुसला. शेटजींचा उरलेला भाजीपाला अप्पांनी परत पाठवला आणि त्यामुळे पंगत पुढे कित्येक दिवस नुसत्या वरण-भाकरीवर चालली.

दुपारनंतर गुरदीपसिंग नांदेडहून आला. मला वाटलं होतं तो अप्पांना बोलेल. तो खाली बसला आणि लसूण सोलायला लागला. शेवटी अप्पाच म्हणाले, "सरदारजी, चूक माझी हाय. दोन तासांसाठी म्हणून म्या बाजूला झालो."

गुरदीपसिंग म्हणाला, "लंगरमध्ये मी पण हात पसरतो, अप्पा. माझ्या आईने पसरले. तसं कौसाबाईने पण पसरले, भरोसा करून." आणि मग, "चला. तिच्या घरी जाऊ."

जळकोटकडे

निघायला दोन-तीन दिवस गेले, दिराने फोनवर येऊ नका म्हटलं होतं म्हणून. शेवटी न विचारताच निघालो. शिरूर ताजबंदला मोठा रस्ता सोडला. पुढे माळरान सुरू झालं, खडकाळ, चढउताराचं. मधे मधे करडईची काटेरी शेतं. अप्पांच्या मांडीवर एक नवं लुगडं होतं. वाटेत बिल्किसआपाने ते पाहिलं आणि म्हणाली, "अप्पा, वो गाडी मेंच रहने दो." अप्पांनी ते मुकाट्याने मागच्या सीटवर ठेवलं.

घर चांगलं चौसोपी दगडी होतं, अंगणात बैल, ओसरीवर तुरीची पोती. गरिबीचं घर नव्हतंच ते. दीर ओसरीवर बसला होता. आम्हाला पाहून उठला, पण या म्हणाला नाही. आतून कौसाबाई आल्या. आमच्याकडे पाहिलं, तांब्या भरून आणला.

"या. पाय धुवा."

अप्पा उभ्यानेच हात जोडून म्हणाले, "माय, माझ्या दारात तुमचा अपमान झाला. मला माफ करा."

कौसाबाईंनी हातातला तांब्या ओसरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "अप्पा, 'गरजू' लिवलं त्याचं काय न्हाई. गरज तर व्हतीच की. पर हे दवाखान्यात पडलेले असताना मला निराधार लिवलं? आन् भज्जी माझी व्हती, त्याचा एक शबुद न्हाई."

बिल्किसआपा रडायला लागली. कौसाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू नगं रडू, आपा. तू चुलीमागं गेलीस, तू शहाणी. मलाच हौस आली."

मी माणिकरावांच्या पायाकडे पाहत होते. ओसरीवरच्या बाजेवर ते पडून होते, पाय उशीवर, एका बाजूला वळलेला. गुरदीपसिंग त्यांच्याजवळ जाऊन बसला. "भाऊ, गाडी आणलीय. आत्ता चला. डॉक्टर म्हणतात अजून वेळ गेलेली नाही. राहायची सोय आम्ही करतो, कुणाला कळणार नाही."

कुणाला कळणार नाही, हे म्हणायला नको होतं. दीर ताडकन म्हणाला, "झालं तेवढं लई झालं. आमी हितं वैद्य बगितलाय. आता आमच्या घरचं माणूस कुठं जानार न्हाई."

माणिकरावांनी भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे. कौसाबाई खाली बघत होत्या. त्या 'चला' म्हणाल्या असत्या तर ते निघाले असते असं मला अजून वाटतं. पण ज्या दवाखान्यात कौसाबाईंना स्वतःच्या भावाने सगळ्यांदेखत तसं सुनावलं, तिथे परत पाऊल टाकायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, आणि ते आम्ही कुठल्या तोंडाने मागणार? माणिकरावांचा पाय पुढे आखडलाच. चैत्रात गुरदीपसिंगचा फोन आला तेव्हा ते दोन कुबड्यांवर जेमतेम अंगणापर्यंत येत होते. औताला हात लावणं तर संपलंच.

"जेवून जायाचं," कौसाबाई म्हणाल्या.

अप्पा नको नको म्हणाले. "घरी आलेलं माणूस उपाशी जात न्हाई आमच्याकडं," एवढं बोलून त्या चुलीकडे वळल्या. पंगत बसली. अप्पा, गुरदीपसिंग, बिल्किसआपा, मी, आणि शेवटी दीरही येऊन बसला. ज्वारीची भाकरी, तुरीचं आंबट वरण, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. बिल्किसआपा मदतीला उठली तर त्यांनी तिला खांदा धरून खाली बसवलं. "तू आज पाव्हनी." त्यांनी आम्हाला आग्रह करकरून वाढलं, एकदाही कडू शब्द काढला नाही. अप्पांचा घास तोंडातच फिरत राहिला. मी इतकी वर्षं लोकांना जेवू घातलं, पण जेवणाने माणसाला एवढी शिक्षा होऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं.

बाकीचे हात धुवायला अंगणात गेले. मी माणिकरावांचा निरोप घ्यायला बाजेपाशी गेले. आता भावाची पाठ वळलेली पाहून त्यांनी मला खुणेने खाली वाकायला सांगितलं.

"ताई, तो फोटू हाय का तुमच्या फोनमंदी?"

मला वाटलं त्यांना खात्री करून घ्यायचीय. मी घाईने म्हटलं, "नाही हो. आम्ही सगळ्यांनी पुसून टाकला. आता कुणाकडेच नाही."

"हाव का." ते पत्र्याकडे बघत राहिले. "सगळ्या गावानं बगितला. मला कुनी दाखवलाच न्हाई. लई चांगली हसली व्हती म्हनं ती."

चुलीपाशी कौसाबाई पाठमोऱ्या बसून उरलेल्या पिठाची भाकरी थापत होत्या. ते तिकडे वळून पाहू लागले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पुसला ते बरंच केलं."